पोटावरचा टाका आणि माहेरी राहिलेला कागद

पोस्ट लांब आहे. पण घरात लेक, सून, बहीण, वहिनी कोणी असेल आणि तिचं एक सिझर झालेलं असेल, तर शेवटपर्यंत वाचा. राजकारणाची पोस्ट उद्या टाकतो. आज हे महत्त्वाचं आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. ओळखीच्या एका पोराचा फोन आला. पत्रकार असल्यामुळे आणि रक्तदात्यांच्या दोन-तीन ग्रुपवर असल्यामुळे असे फोन येत असतात.

"दादा, बी पॉझिटिव्ह रक्त पायजे होतं. बायकोले मोठ्या दवाखान्यात आणलं. आत घेतलं तिले."

रक्ताची सोय लावत लावत मी पण पोहोचलो. बाहेर डॉक्टर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होत्या. पहिलं सिझर कधी झालं? कशासाठी केलं? पिशवीवर टाका कसा होता, आडवा का उभा? नंतर ताप आला होता का? कागद आहे का?

पोरगा म्हणे, "म्याडम, पोटावर तं आडवाच टाका आहे. फाईल तिच्या माहेरी असन. तिची माय म्हणे पेटीत ठेवली होती, पण घर पाडलं तवा कुठी गेली माहीत नाही."

पहिल्या आणि दुसऱ्या बाळंतपणात चौदा महिन्यांचं अंतर होतं. कळा संध्याकाळपासून होत्या. "अजून वेळ आहे" म्हणून घरीच थांबले होते. आत गेल्यावर कळलं की जुना टाका उसवायला लागला होता. माय वाचली, लेकरू वाचलं. चार बाटल्या रक्त लागलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "अर्धा तास उशीर झाला असता तर मी काहीच सांगू शकले नसते."

त्या रात्रीपासून हा विषय डोक्यातून गेला नाही. जमेल तसं वाचलं, डॉक्टरांशी बोललो. मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे, म्हणून औषध सांगणार नाही. पण या टाक्याचा इतिहास सांगतो. तो कळला की डॉक्टर जे प्रश्न विचारतात ते का विचारतात, हे आपोआप कळतं.

*आधी फक्त मेलेल्या आईसाठी*

सिझर हे नाव रोमच्या ज्युलियस सीझरवरून आलं असं आपण शाळेपासून ऐकतो. तो पोट फाडून जन्मला अशी कथा आहे. कथा बहुतेक खोटी. कारण त्याची आई ऑरेलिया तो मोठा होईपर्यंत जिवंत होती, आणि त्या काळात पोट फाडलेली बाई जगणं जवळपास अशक्य होतं. रोममध्ये मात्र एक जुना कायदा होता. गरोदर बाई मेली तर पोटातलं मूल काढल्याशिवाय तिला पुरायचं नाही.

आपल्याकडेही तेच. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भावर वेगळं प्रकरण आहे. गरोदर स्त्री अचानक गेली आणि पोटात हालचाल दिसत असेल, तर वैद्याने लगेच पोट उघडून मूल काढावं असं त्यात सांगितलंय. आई जिवंत असेल आणि मूल आत मेलेलं असेल, तर ते तुकड्यांनी काढायची रीत दिली आहे. म्हणजे रोम असो का भारत, जिवंत आईचं पोट उघडून दोघांना वाचवायचं ही कल्पना हजारो वर्षं व्यवहारात नव्हती. आईला वाचवायचं असेल तर लेकरू जायचं, आणि पुष्कळदा दोघंही जायचे.

युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जिवंत बायकांवर सिझर होऊ लागलं, पण बहुसंख्य बायका मरायच्या. भूल आली, हात धुणं आलं, तरी मरायच्या. का?

कारण ऐकून धक्का बसेल. पोटाला टाके घालायचे, पण गर्भाशयाला टाकेच घालत नव्हते!

डॉक्टरांची समजूत अशी की पिशवी स्वतःच आकसते, चीर आपोआप मिटते. शिवाय आत टाका घातला तर तो काढणार कसा, तो आत सडेल ही भीती. मग पिशवी तशीच उघडी ठेवून वरून पोट शिवायचे. बाई रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने जायची.

१८७६ मध्ये इटलीतल्या पाविया गावच्या एदुआर्दो पोर्रो या डॉक्टरने वेगळा मार्ग काढला. मूल काढलं आणि मागोमाग पिशवीच काढून टाकली. बाई जगली. पुढे कैक बायका या पद्धतीने जगल्या, पण पुन्हा आई होण्याचा रस्ता बंद.

मग १८८२ साल. जर्मनीतल्या लाइपझिगचा माक्स झेंगर नावाचा तरुण डॉक्टर. त्याने अमेरिकेतल्या डॉक्टरांचे अनुभव गोळा केले. तिकडे काहींनी चांदीच्या तारेने पिशवी शिवली होती आणि बायका जगल्या होत्या. झेंगरने नीट पद्धत मांडली की पिशवीला थराथराने, चांदीची तार आणि रेशीम वापरून टाके घालायचे. मृत्यू झपाट्याने कमी झाले.

म्हणजे आज आपण ज्याला "सिझरचा टाका" म्हणतो तो पिशवीवरचा टाका जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. त्याआधी टाकाही नव्हता, व्रणही नव्हता आणि व्रणाची चिंताही नव्हती, कारण दुसऱ्या बाळंतपणापर्यंत बाईच उरत नव्हती. टाका उसवण्याचा धोका बाई जगायला लागल्यावर आला. हे लक्षात ठेवा. पुढे सिझरविरुद्ध काही बोललो असं वाटलं तर हे वाक्य आठवा.

*उभी चीर, आडवी चीर*

सुरुवातीची चीर पिशवीच्या वरच्या भागात, उभी असायची. तो भाग जाड, मांसल. तिथून मूल पटकन निघतं. पण अडचण अशी की कळा येतात तेव्हा आकसण्याचं काम हाच भाग करतो. शिवलेल्या पोत्याच्या ऐन शिवणीवर ताण दिल्यासारखं. पुढच्या बाळंतपणात शिवण तिथेच उसवते, आणि कधी कधी कळा सुरू व्हायच्या आधीच.

पिशवीचा खालचा भाग पातळ असतो. तो कमी आकसतो, रक्त कमी जातं, जखम नीट भरते. तिथे आडवी चीर द्यावी हे १८८१ मध्येच केरर या जर्मन डॉक्टरने करून दाखवलं होतं. पण जगाने ऐकलं नाही. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९११ पासून ही पद्धत वापरली आणि १९२६ मध्ये तिचा जोरदार पुरस्कार केला. ग्लासगोच का? त्या कारखान्यांच्या शहरात, धुराने सूर्य झाकलेल्या वस्त्यांमध्ये, मुलींना लहानपणी मुडदूस व्हायचा. कंबरेची हाडं वाकडी, मग बाळंतपण अडायचं, मग सिझर. गरिबी आणि कुपोषण पोटावरच्या टाक्यापर्यंत कसं पोहोचतं त्याचा हा पुरावा.

आज जवळपास सगळीकडे आडवीच चीर देतात. पण बाळ फार कमी महिन्यांचं असेल, आडवं असेल, वार अगदी खाली पुढे असेल, तर डॉक्टरला कधी कधी उभी चीर द्यावीच लागते.

आणि इथेच आपल्या लोकांचा मोठा गैरसमज आहे. पोटाच्या कातडीवरचा टाका आडवा दिसतो म्हणजे आत पिशवीवरचा टाका आडवाच असेल असं नाही. वर आडवा आणि आत उभा असू शकतो. वर उभा आणि आत आडवा पण असू शकतो. बाहेरून बघून ते कळत नाही. ते फक्त ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला आणि त्यांनी लिहिलेल्या कागदालाच माहीत असतं. म्हणून त्या रात्री डॉक्टर कागद मागत होत्या.

फरक किती? खालच्या आडव्या चिरेनंतर पुढच्या वेळी कळा येऊ दिल्या, तर टाका फाटण्याचं प्रमाण हजारात साधारण ५ ते ९. वरची उभी चीर असेल तर हजारात ४० ते ९०. म्हणून उभी चीर असलेल्या बाईला कळांची वाटच बघू देत नाहीत.

*"एकदा सिझर म्हणजे नेहमीच सिझर" कुठून आलं?*

हे वाक्य आपल्याकडे आजीबाईंनाही पाठ आहे. ते न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरचं, १९१६ मधलं. पण त्याचा संदर्भ हरवला. एक तर तेव्हा जवळपास सगळ्या चिरा उभ्या होत्या. दुसरं म्हणजे क्रेगिन सहकाऱ्यांना सांगत होता की पहिलं सिझर करताना दहादा विचार करा, कारण त्याची किंमत पुढच्या प्रत्येक बाळंतपणाला मोजावी लागेल. अपवाद असतात हेही त्याने लिहिलं होतं. त्याचा इशारा होता पहिल्या सिझरबद्दल. जगाने नियम केला दुसऱ्या सिझरचा.

पुढे आडवी चीर रुळली तसं डॉक्टरांच्या लक्षात आलं की बऱ्याच बायका एका सिझरनंतर नॉर्मल बाळंत होऊ शकतात. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बैठक बोलावून याला पाठिंबा दिला. मग लाट आली. १९९६ पर्यंत तिकडे आधी सिझर झालेल्या शंभरातल्या २८ बायका नॉर्मल बाळंत होऊ लागल्या. काही विमा कंपन्या तर खर्च वाचतो म्हणून आग्रहच धरू लागल्या. आणि मग टाके फाटल्याच्या तक्रारी आल्या, कोर्टकचेऱ्या आल्या.

२००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलं बाळंतपण सिझरने झालेल्या २० हजारांवर बायकांच्या दुसऱ्या बाळंतपणाची ती नोंद होती. कळा न येता सिझर केलं तर टाका फाटण्याचं प्रमाण हजारात १.६. कळा आपोआप आल्या तर ५.२. आणि प्रोस्टाग्लँडिन जातीच्या औषधाने कळा आणवल्या तर २४.५! हा आकडा बाहेर आला आणि लंबक उलटा फिरला. दहा वर्षांत अमेरिकेतलं ते २८ टक्क्यांचं प्रमाण १० च्या खाली गेलं.

यातून घ्यायचा धडा कोणता? "नॉर्मलच करा" हा हट्ट जितका घातक, तितकाच "सिझरच करा" हाही. प्रत्येक बाईचा टाका वेगळा, आणि तिच्यासाठी काय योग्य ते तिचा कागद बघून ठरायला हवं.

*आणि आपल्याकडे?*

आपली आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी आई झाली, लेकरू दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून ती डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली. १८८६ मध्ये तिने पेनसिल्व्हेनियाच्या कॉलेजात जो प्रबंध दिला, त्याचा विषयच होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. झेंगरचा टाका तेव्हा चार वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, आनंदीबाई पुण्यात गेली. बाळंतपणाचं ज्ञान आपल्या भाषेतल्या बाईपर्यंत पोहोचवणारी पहिली बाई प्रॅक्टिस सुरू करायच्या आधीच गेली.

१८८५ मध्ये लेडी डफरिन फंड सुरू झाला, शहरांमध्ये जनाना दवाखाने निघाले. मुंबईत १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल, १९२६ मध्ये परळला वाडिया प्रसूतिगृह. पण हे सगळं शहरात. हिंगणघाटचा कापूस तेव्हा जगाच्या बाजारात नावाने ओळखला जायचा, पण तो कापूस वेचणारी बाई घरीच, दाईच्या हाती बाळंत व्हायची. अडली तर बैलगाडी.

वर्धा जिल्ह्याचं नशीब थोडं बरं. गांधीजींच्या हयातीतच सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय सुरू झालं, डॉ. सुशीला नायर यांनी ते वाढवलं, आणि १९६९ मध्ये तिथे खेड्यासाठीचं वैद्यकीय महाविद्यालय आलं. पुढे सावंगीला दुसरं कॉलेज झालं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग गेल्या तेव्हा तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हता. बंग दांपत्याने दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. हा अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. बाई दुखणं अंगावर काढते हे आपल्याला माहीत होतंच. त्यांनी ते आकड्यात मांडलं.

मग २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०११ मध्ये सरकारी दवाखान्यात सिझरसकट बाळंतपण, रक्त, वाहन सगळं मोफत करणारा कार्यक्रम आला. २०१४ पासून राज्यात १०८ ची गाडी धावू लागली. परिणाम समोर आहे. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे १३० माता जात होत्या. २०१८-२० मध्ये ३३. यात सिझरचा मोठा वाटा आहे. हे नाकारणारा माणूस खोटं बोलतो.

पण दुसरी बाजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. देशात २००५-०६ मध्ये शंभरातली ८.५ बाळंतपणं सिझरने. २०१५-१६ मध्ये १७.२. २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्रात २०१९-२१ चा आकडा २५.४, म्हणजे चारातलं एक. देशभर सरकारी दवाखान्यात १४.३ आणि खासगीत ४७.४! जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांच्या वर सिझर वाढवून माता-बालमृत्यू आणखी कमी होत नाहीत.

खासगी डॉक्टर पैशासाठीच करतात असं सरसकट म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. अवघड केसेस तिकडे जातात, भांडणाची आणि तोडफोडीची भीती असते, मुहूर्त काढून आणणारे नातेवाईक पण आपणच. पण हिशोब साधा आहे. चारातली एक बाई आता पोटात टाका घेऊन फिरते. महाराष्ट्रात बहुतेक घरं दोन लेकरांवर थांबतात. म्हणजे टाक्याची खरी परीक्षा दुसऱ्या बाळंतपणात आहे. आणि त्याची तयारी आपण काय करतो? शून्य.

*टाका कोणाचा कच्चा राहू शकतो?*

अभ्यासांमधून आणि डॉक्टरांशी बोलून जे समजलं ते सोप्या भाषेत लिहितो.

एक, अंतर. जखम वरून महिन्याभरात भरते, आतून भरायला वेळ लागतो. बोस्टनच्या २००१ मधल्या अभ्यासात दोन बाळंतपणांत १८ महिने किंवा त्याहून कमी अंतर असलेल्या बायकांमध्ये टाका फाटण्याचं प्रमाण सव्वादोन टक्के होतं, त्याहून जास्त अंतर असलेल्यांत एक टक्का. म्हणजे दुप्पट. जागतिक आरोग्य संघटना म्हणते बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायला किमान २४ महिने जाऊ द्या. पहिली मुलगी झाली की सहा महिन्यांत "आता मुलगा पाहून घे" म्हणणाऱ्या सासवांनो, सासऱ्यांनो, हा आकडा तुमच्यासाठी आहे. तांबी आहे, गोळ्या आहेत, इंजेक्शन आहे, निरोध आहे. सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

दोन, टाका कुठे आणि कसा. उभी चीर, किंवा आडवी चीर देऊन ती वर वाढवावी लागली असेल, तर धोका जास्त. आधी गर्भाशयाची गाठ काढली असेल तर तोही टाकाच. तो सांगायला बायका विसरतात, कारण "ते बाळंतपणाचं ऑपरेशन नव्हतं ना!"

तीन, आधी टाका फाटलेला असणे. हा सगळ्यात मोठा इशारा.

चार, पहिल्या वेळचा ताप. सिझरनंतर ताप आला, जखम चिघळली, तर आतला टाका नीट भरला नसण्याची शक्यता वाढते.

पाच, कळा आणवण्याची औषधं. आपल्या शेजारचंच उदाहरण देतो. नागपुरात मेडिकल आणि डागा स्त्री रुग्णालयात रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. कळा आणवण्यासाठी मिसोप्रोस्टॉलची गोळी बरी का फोलीचा फुगा, हे बघायला. २०१७ मध्ये तो लॅन्सेटमध्ये आला. गोळी जास्त उपयोगी ठरली. पण त्या अभ्यासात आधी सिझर झालेल्या बाईला घेतलंच नव्हतं. कारण ही गोळी जुन्या टाक्याला धोकादायक. जी गोळी एका बाईला वाचवते तीच दुसरीचा टाका फाडू शकते. म्हणून "आधी सिझर झालंय" हे पहिलं वाक्य असलं पाहिजे, दवाखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या.

सहा, किती वेळा. हे फाटण्यापेक्षा वेगळं संकट आहे. पुढच्या वेळी वार नेमकी जुन्या टाक्यावर रुजली तर ती पिशवीत घुसते, सुटत नाही. अमेरिकेतल्या ३० हजारांवर सिझरच्या अभ्यासात असं दिसलं की वार तोंडाशी असेल, तर पहिल्या सिझरच्या वेळी ती चिकटलेली निघण्याचं प्रमाण ३ टक्के, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला ४०, चौथ्याला ६१. अशा वेळी पिशवी काढावी लागते आणि रक्ताच्या पिशव्या मोजायची वेळ येते. कधी तर गर्भच जुन्या टाक्यात रुजतो. म्हणून सिझर झालेल्या बाईने दिवस राहिल्यावर लवकर सोनोग्राफी करून गर्भ कुठे आहे ते बघायचं आणि पुढच्या महिन्यांत वार कुठे आहे ते बघायचं. "सगळं बरं आहे, कशाला पैसे घालवायचे" म्हणायचं नाही.

सात, टाका एका थरात घातला का दोन. यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे. भारतासह सात देशांत १५ हजारांवर बायकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनंतरही दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे यावरून डॉक्टरशी भांडू नका.

दिलासा देणारी पण गोष्ट आहे. सिझरच्या आधी किंवा नंतर एकदा नॉर्मल बाळंतपण झालं असेल, तर धोका बराच कमी होतो.

आणि एक गोष्ट टाका फाडत नाही, पण फाटल्यावर मारते. ती म्हणजे अंगात रक्त नसणं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. अकरा ग्रॅमची बाई जो रक्तस्राव सोसते तो सात ग्रॅमची सोसत नाही. आशाताईने दिलेल्या लोहाच्या गोळ्या फडताळात ठेवण्यासाठी नसतात.

*आता कागदाचं*

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. चांगली रीत आहे, पोरीला विसावा मिळतो. दुसरं बहुतेक सासरी. म्हणजे टाका कसा आहे हे लिहिलेला कागद एका जिल्ह्यात आणि टाका दुसऱ्या जिल्ह्यात! शेताचा सातबारा आपण प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो. गाडीचं आरसी बुक खिशात घेऊन फिरतो. पण बायकोच्या पिशवीचा सातबारा कुठे आहे हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

आज रात्री एवढं करा. सिझर झालेल्या घरच्या बाईचं डिस्चार्ज कार्ड शोधा. माहेरी असेल तर फोन करून फोटो मागवा. तिच्या मोबाईलमध्ये आणि तुमच्याही मोबाईलमध्ये ठेवा. त्यात या गोष्टी आहेत का बघा: तारीख, सिझर कशामुळे केलं, गर्भाशयावरची चीर कोणती, नंतर ताप किंवा पू, रक्त दिलं का, पुढच्या वेळी काय करायचं. नसेल लिहिलेलं तर ज्या दवाखान्यात झालं तिथून लिहून मागा. स्वतःच्या उपचाराचे कागद मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, मेहरबानी नाही.

दुसरं. सिझर झालेल्या बाईला कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही. जिथे ऑपरेशनची सोय, भूल देणारा डॉक्टर आणि रक्त आहे तिथेच जायचं, आणि ते ठिकाण आठव्या महिन्यातच ठरवायचं. दोन कळांच्या मध्येही दुखणं थांबत नसेल, अंगावरून लाल रक्त जात असेल, येणाऱ्या कळा एकदम बंद झाल्या, चक्कर आली, बाळाची हालचाल मंदावली, तर एक मिनिट थांबू नका. १०८ लावा.

तिसरं, आपल्या पुढाऱ्यांसाठी. हिंगणघाट नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. नागपूर पाऊणशे किलोमीटर, सेवाग्राम चाळीसच्या आसपास. कागदावर जवळ आहे. पण पावसाळ्याच्या रात्री समुद्रपूर-गिरडकडच्या एखाद्या वाडीतून निघालेल्या बाईसाठी ते अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, रक्ताच्या बाटल्यांत मोजायचं असतं. मेडिकल कॉलेज हिंगणघाटलाच व्हावं म्हणून या शहराने आंदोलनं केली. चांगलं केलं. पण इमारतीच्या जागेवरून जेवढी भांडणं झाली, त्याच्या निम्म्याने तरी हा प्रश्न विचारा: तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता सिझर होऊ शकतं का? भूलतज्ज्ञ असतो का? रक्त असतं का? ज्या दिवशी या तिन्हींचं उत्तर वर्षातले ३६५ दिवस "हो" असेल, त्या दिवशी मी पेढे वाटीन.

त्या पोराची बायको आता बरी आहे. लेकरू रांगतं. परवा बाजारात भेटला. खिशातून मोबाईल काढून दाखवला. यावेळच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून ठेवलाय, खाली डॉक्टरांनी लिहिलंय की पुढे दिवस राहू देऊ नयेत.

म्हणे, "दादा, आता हा फोटो मायजवळ, सासूजवळ, साळ्याजवळ, सगळ्यांजवळ आहे."

तुमच्याजवळ आहे का?

पोस्ट शेअर करा. आणि बाईमाणसांपेक्षा आधी बाप्यांनी वाचा.